मजकूर, समास आणि शेरा

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे गावात एकीकडे औद्योगिक वसाहतीचे भूखंड आहेत, तर दुसरीकडे कोकणातील कोणत्याही गावात आढळावी तशी आंबा-काजूची लागवड, कातळाची पड आणि भावाभावांत सामाईक राहिलेली घरवाडी आहे. त्यामुळे शेतजमिनीचे आणि बिगरशेती झालेल्या जमिनीचे असे दोन्ही प्रकारचे सातबारे या एकाच गावाच्या दप्तरात शेजारी शेजारी नांदतात. दस्तऐवजातील मजकुरावर खुणा करणे, त्याला टीप जोडणे, त्यातील एखादा शब्द रद्द ठरवूनही वाचनीय ठेवणे, या ज्या क्रियांसाठी आज संगणकावर नाना साधने उपलब्ध आहेत, त्या क्रियांचे मर्म ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने यांपैकी कोणताही एक उतारा समोर ठेवावा. कारण सातबारा हा मराठी माणसाच्या सर्वांत परिचयाचा असा खुणांकित दस्तऐवज होय.

हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात एखादा खातेदार मयत झाला किंवा त्याने जमीन विकली, की तलाठी त्याचे नाव पुसून टाकीत नसे. तो त्या नावाला कंस करी, खाली नव्या धारकाचे नाव लिही आणि त्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात मांडी. कंसातले नाव वाचता येई, पण त्याचा अंमल संपला आहे हे कळे. आणि वर्तुळातला क्रमांक वाचकाला गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, इकडे घेऊन जाई, जेथे तो बदल कोणत्या दस्तामुळे झाला, हितसंबंधितांना नोटीस केव्हा बजावली, कोणी हरकत घेतली काय, आणि मंडळ अधिकाऱ्याने तो फेरफार प्रमाणित केला की नाही, याचा सारा तपशील असे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५० मध्ये ही पद्धत बांधून दिलेली आहे, आणि हरकतीसाठी मुदतही दिली जाते. एक कंस व एक वर्तुळ, एवढ्याशा सामग्रीत मूळ मजकूर, त्यावरील निर्णय, निर्णयाचा आधार आणि निर्णय देणारा हे चौघेही परस्परांपासून अलग राहून परस्परांशी जोडलेले राहत.

कोणतेही खुणांकन चांगले की वाईट हे ठरवण्याची माझी कसोटी हीच आहे. खूण मजकुराला जखडलेली असावी, परंतु मजकुरात मिसळलेली नसावी. आणि ती कोणी, केव्हा व कशाच्या आधारावर केली हे तिला विचारता आले पाहिजे. पुढील विवेचनात साधने बदलतील, पण ही कसोटी बदलणार नाही.

मराठी दप्तराला ही कसोटी अपरिचित नव्हती. शिवकालीन पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ हे मोर्तब उमटवीत. मजकूर येथे संपला, यापुढे जे काही लिहिलेले आढळेल ते पत्रकर्त्याचे नव्हे, असा त्याचा स्पष्ट अर्थ होता. पत्र दप्तरी नोंदले गेल्याचे शेरे निराळ्या हातांनी निराळ्या जागी पडत. पेशवाईत कलमवार यादी सादर झाली की एकेका कलमासमोर सोडलेल्या जागेत मखलाशी होई, म्हणजे अर्जदाराचे म्हणणे व सरकारचा हुकूम एकाच बंदावर असूनही त्यांची सरमिसळ होत नसे. पोथ्यांच्या जगातही अशीच शिस्त होती. गळलेले अक्षर काकपदाची खूण करून समासात लिहावयाचे, चुकलेले अक्षर हरताळाचा लेप देऊन झाकावयाचे, श्लोकांक व पुष्पिका गेरूने रंगवून उठावदार करावयाच्या, हे संकेत लेखकालेखकांत इतके स्थिरावले होते की ते कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नसे.

मात्र या शिस्तीतही एक उणीव राहिली, आणि तिचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या वाङ्मयातच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर झालेल्या नकलांतून शिरलेले अपपाठ त्यांनी काढून टाकले आणि यापुढे पाठात कोणी आपली ओवी घालू नये असे निक्षून बजावले. त्यांनी केलेले काम पुण्यप्रद आणि अलौकिक होते, यात संशय नाही. परंतु शुद्ध केलेला पाठ तेवढा आपल्यापर्यंत आला. कोणती ओवी कोणत्या प्रतीत होती, कोठे कोणता शब्द बदलला, कोणत्या कारणाने बदलला, ही टिपणे आली नाहीत. हरताळाखाली गेलेले अक्षर पुन्हा वाचता येत नाही, आणि म्हणूनच तीन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर इतिहासाचार्य राजवाड्यांना एकनाथपूर्व पाठाचा शोध घ्यावासा वाटला व आपल्याला लाभलेल्या जुन्या प्रतीवरून त्यांनी १९०९ साली स्वतंत्र ज्ञानेश्वरी छापली. शुद्धिकर्त्याच्या विद्वत्तेने हा प्रश्न सुटत नाही. त्याला शुद्धीच्या नोंदीच हव्यात.

ती नोंद कशी ठेवावी, याचा वस्तुपाठ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने घालून दिला. ज्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली त्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे शालेय शिक्षण रत्नागिरीत झाले होते आणि पुढे काही काळ तेथील हायस्कुलाचे ते मुख्याध्यापकही होते, हे या जिल्ह्यातील वाचकास सांगितलेले आवडेल. १९१९ साली संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर तिचे प्रमुख संपादक झाले. १९४३ मध्ये ते निवर्तल्यावर बेलवलकरांनी व नंतर परशुराम लक्ष्मण वैद्यांनी धुरा वाहिली. आणि १९६६ साली १,२५९ हस्तलिखितांच्या आधारावर हे कार्य तडीस गेले. चौरस आखलेल्या मोठ्या कागदावर श्लोकाचे एकेक अक्षर एकेका घरात मांडावयाचे, आणि मग काश्मीरची शारदा प्रत, बंगालची प्रत, मलयाळी प्रत, तेलुगू प्रत यांत त्या त्या जागी जे निराळे अक्षर असेल ते त्या अक्षराच्या नेमके खालच्या घरात लिहावयाचे, अशी ती पद्धत होती. पाठभेद ही मोघम गोष्ट न राहता तिला ठावठिकाणा प्राप्त झाला. कितवा श्लोक, कितवे अक्षर, कोणती प्रत, एवढे सांगितले की जगातील कोणताही पंडित त्या जागेवर बोट ठेवू शकत होता.

या आवृत्तीतील दोन खुणा मला विशेष मोलाच्या वाटतात. ज्या शब्दाविषयी संपादकाची पुरती खात्री नाही, त्या शब्दाखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. आणि ज्या ओळी काही प्रतींत आढळतात पण मूळ पाठात घेण्याजोग्या वाटल्या नाहीत, त्या टाकून न देता तारांकित क्रमांक देऊन तळटीपेत ठेवलेल्या आहेत. आपल्या निर्णयाबरोबरच त्या निर्णयातील आपला संशयही छापण्याचे धैर्य सुखटणकरांनी दाखवले. पुढच्या संपादकाला त्यांच्याशी मतभेद करावयाचा झाल्यास त्यासाठी लागणारा सारा पुरावा त्यांच्याच पृष्ठावर, त्यांच्याच मजकुराखाली, हजर आहे. त्याच परंपरेतले, रत्नागिरी जिल्ह्याचे सुपुत्र महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध झालेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तळटीपा कित्येक पृष्ठांवर मुख्य मजकुराला वरच्या चार-सहा ओळींत कोंडतात, आणि ग्रंथाचे प्रामाण्य त्या तळटीपांतच साठलेले आहे.

संगणकाच्या जगात हीच निकड प्रथम भासली ती वाङ्मयाच्या नव्हे, तर कायद्याच्या कागदपत्रांच्या निमित्ताने. १९६९ साली आयबीएम या कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर व रेमंड लोरी हे तिघे वकिली कचेऱ्यांच्या दस्तऐवजांसाठी एक व्यवस्था बसवीत होते. मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम निराळा, शोधण्याचा निराळा, छापण्याचा निराळा, आणि प्रत्येकाच्या खुणा दुसऱ्याला अगम्य, अशी त्यांची अडचण होती. तिच्यावर त्यांनी शोधलेला तोडगा असा की मजकुरात ‘हे ठळक छापा’, ‘हे तिरपे छापा’ अशा आज्ञा लिहूच नयेत. ‘हे शीर्षक आहे’, ‘हे कलम आहे’, ‘हे पक्षकाराचे नाव आहे’ एवढेच सांगावे, आणि शीर्षक कसे दिसावे हा निर्णय छापणाऱ्यावर सोपवावा. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ‘जीएमएल’ हे नाव पडले. त्यातून १९८६ साली ‘एसजीएमएल’ हे आंतरराष्ट्रीय मानक सिद्ध झाले. आणि त्याचे सुटसुटीत रूप म्हणजे फेब्रुवारी १९९८ मधील ‘एक्सएमएल’.

वर्णन आणि स्वरूप यांची ही फारकत किती फलदायी आहे, याची प्रचिती आपल्या महसूल खात्यात आली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, आणि सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने उताऱ्याचा नमुना बदलला तेव्हा ठरले की मयत खातेदार, फेडलेला कर्जाचा बोजा यांसारख्या कमी झालेल्या नोंदी यापुढे कंसात न दाखवता त्यांवर आडवी रेघ मारून दाखवाव्यात, दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेषा असावी, आणि प्रमाणित न झालेला फेरफार ‘प्रलंबित’ म्हणून वेगळा दिसावा. बिगरशेती झालेल्या क्षेत्राला गाव नमुना बाराची आवश्यकता नाही, ही सूचनाही उताऱ्यावर आपोआप उमटू लागली. मिरजोळ्यासारख्या गावात ती पदोपदी लागते. कागदी दप्तराच्या काळात असा बदल करावयाचा तर राज्यातील प्रत्येक चावडीतले प्रत्येक पान नव्याने लिहावे लागले असते. येथे नोंद ‘कमी झाली आहे’ हा अर्थच साठवलेला असल्यामुळे कंसाच्या जागी रेघ आणणे हा केवळ छापण्याचा प्रश्न उरला.

जुन्या ग्रंथांच्या व कागदपत्रांच्या अभ्यासकांनी १९८७ साली अमेरिकेत पोकिप्सी येथील व्हॅसर महाविद्यालयात जमून स्वतःसाठी अशाच खुणांचा एक कोश रचावयास घेतला; ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’, संक्षेपाने ‘टीईआय’, हे त्याचे नाव. लेखकाने मागाहून घातलेला शब्द, त्यानेच खोडलेला शब्द, अस्पष्ट अक्षर, कसरीने खाल्लेली जागा, संपादकाने तर्काने भरलेली जागा, दोन प्रतींतील पाठभेद, या प्रत्येकाला तेथे स्वतंत्र टॅग आहे. म्हणजे काकपद, हरताळ, नागमोडी रेघ व तारांकित तळटीप या सर्वांना यंत्राला कळेल असे एकेक निश्चित नाव मिळाले. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की येथे हरताळाखालचे अक्षर कायम शाबूत राहते. वाचकाने मागितले तर ते झाकलेले दिसते, मागितले तर उघडे.

टॅगाचे रूप साधे असते. समजा, एखाद्या जुन्या खतात ‘मौजे मिरजोळे येथील कलमांची बाग’ असे शब्द आहेत, आणि त्यांतील गावाचे नाव आपणास नोंदवावयाचे आहे, तर आपण <स्थळ>मिरजोळे</स्थळ> असे लिहितो. पहिल्या कोनी कंसात खूण सुरू होते. तिरप्या रेघेच्या दुसऱ्या कंसात ती मिटते, आणि जेथे मिटते तेथे तिचे मोर्तब झाले असे समजावे. टॅगाची नावे रोमन लिपीतच असली पाहिजेत असा पुष्कळांचा समज आहे, परंतु तो खरा नाही. एक्सएमएलच्या नियमांनुसार ती देवनागरीतही चालतात. मराठी दप्तरावर काम करणाऱ्या मंडळाने <फेरफार>, <शेरा>, <साक्ष>, <वारस> असे स्वतःचे टॅग ठरवावेत आणि त्यांची टीईआयशी सांगड घालून ठेवावी, असे मला मनापासून वाटते. कारण दप्तराची परिभाषा ज्यांच्या अंगवळणी पडली आहे त्या कारकुनाला, शिक्षकाला किंवा सेवानिवृत्त तलाठ्याला या कामात सहजपणे सामील होता येईल, आणि त्यांच्याइतकी जाण परभाषेतील टॅग पाठ करणाऱ्या तंत्रज्ञाला असणे शक्य नाही.

या पद्धतीला एक मर्यादाही आहे. एका टॅगाच्या पोटात दुसरा पूर्णपणे बसला पाहिजे. दोन टॅग एकमेकांना अर्धवट छेदू शकत नाहीत. मोडी कागदात तर असे अर्धवट छेद पावलोपावली पडतात. शिरोरेघ आधी आखून तिच्याखाली शब्द न तोडता सलग लिहिण्याची ती वहिवाट. त्यामुळे नाव एका ओळीत सुरू होऊन दुसऱ्या ओळीत संपते, ओळीची खूण व नावाची खूण परस्परांना आडवी येते. त्यावर उपाय म्हणजे खुणा मजकुरात न लिहिता निराळ्या फाइलीत ठेवणे आणि प्रत्येकीसोबत मजकुरातील तिची जागा नमूद करणे. मजकुराला कोणीही हात लावीत नाही. दहा अभ्यासकांची दहा टिपणे एकाच अस्सलावर सुखाने नांदू शकतात.

नित्याच्या वापरातील साधनेही आतून अशीच चालतात, पण त्यांचा उपयोग करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच त्याची कल्पना असते. वर्ड प्रोसेसरमध्ये एखादा परिच्छेद निवडून समासात कॉमेंट लिहिली, तर ती फाइलीच्या वेगळ्या कप्प्यात साठते, आणि मजकुरात ‘येथून’ आणि ‘येथवर’ अशा अदृश्य खुणा पडतात. ‘ट्रॅक चेंजेस’ ही सोय चालू असताना खोडलेला शब्द जात नाही. खोडणाऱ्याचे नाव, तारीख व वेळ यांसह तो तेथेच राहतो, आणि कोणी तो मान्य केल्यावाचून बदल पक्का होत नाही. ग्रामपंचायतीच्या ठरावाचा मसुदा असो, सहकारी संस्थेच्या उपविधींतील दुरुस्ती असो किंवा विद्यार्थ्याचा प्रबंध असो, अनेक हातांनी तयार होणाऱ्या प्रत्येक कागदासाठी ही सोय चालू ठेवण्याचा मी आग्रह धरीन. दुसऱ्याचा शब्द मुकाट्याने बदलून प्रत परत पाठवणे ही असभ्यता आहे, आणि पुढे वाद उपस्थित झाला तर तिच्यामुळे सर्वांचीच पंचाईत होते.

पीडीएफची गोष्ट थोडी निराळी. १९९३ साली ॲडोबी कंपनीने आणलेला व २००८ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरलेला हा प्रकार मूलतः छापील पानाचे हुबेहूब चित्र जपण्यासाठी आहे. त्यात आपण पिवळा पट्टा ओढतो तेव्हा तो शब्दाला चिकटलेला नसतो. पानाच्या डाव्या कडेपासून इतके, तळापासून इतके, असे त्याच्या कोपऱ्यांचे मोजमाप तेवढे नोंदलेले असते. पानावरचा मजकूर पुढेमागे सरकला तर पट्टा जुन्याच जागी उभा राहील. परंतु याच प्रकारात एक उत्तम गुण आहे. नंतर केलेले शेरे फाइलीच्या शेवटी नवा भाग म्हणून जोडता येतात आणि आधीचा भाग अक्षरशः जसाच्या तसा राहतो. डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर कोणी अशी टीप जोडली, तर वाचणारा प्रोग्रॅम स्वाक्षरीची पडताळणी करताना स्वाक्षरीनंतर दस्तऐवजात भर पडल्याचे सांगू शकतो. म्हणून व्यवहाराचा नियम असा ठेवावा की स्वाक्षरीची प्रत जशी उतरवून घेतली तशी निराळी जपावी, आणि वकिलाशी किंवा भावंडांशी चर्चा करण्यासाठी जे पट्टे, बाण व प्रश्न घालावयाचे ते नकलेवर घालावेत.

येथवरच्या साऱ्या विवेचनात ‘मजकुरातील जागा’ हा शब्दप्रयोग मी निःशंकपणे केला. परंतु देवनागरीत जागा मोजणे हीच एक नाजूक बाब आहे. ‘मिरजोळे’ या नावात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या हिशेबी मात्र ती सात चिन्हे आहेत, कारण वेलांटी, काना-मात्रा व मात्रा यांची गणना व्यंजनांहून वेगळी होते. त्यातही ‘जो’मधील काना-मात्रा हे मिळून एकच चिन्ह. एका साधनाने अक्षरे मोजली आणि दुसऱ्याने चिन्हे, तर पहिल्याने केलेली खूण दुसऱ्यात भलत्याच शब्दावर जाऊन बसेल. याहून फसवा प्रकार म्हणजे दिसावयास एक आणि संकेतात दोन अशी अक्षरे. ‘सातबाऱ्यावर’ या शब्दातील ‘ऱ्या’ दोन रीतींनी टंकित करता येतो, आणि ‘ॲप’मधील ‘ॲ’ हे २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून दाखल झालेले अक्षर ‘अ’वर चंद्र चढवूनही उमटते. कागदावर तिळमात्र फरक दिसत नाही. शोध मात्र एका रीतीने घेतला असता दुसऱ्या रीतीने लिहिलेले शब्द सापडत नाहीत. श्रीलिपी किंवा आकृती यांच्या जुन्या फाँटांत टंकलेल्या मजकुराची तऱ्हा तर आणखी वेगळी, कारण तेथे पडद्यावर मराठी दिसत असले तरी फाइलीत रोमन अक्षरांचेच संकेत साठलेले असतात. आणि पुष्कळ पीडीएफांतून मजकूर उचलला की ऱ्हस्व वेलांटी आपल्या व्यंजनाच्या आधी येऊन बसते, कारण छापताना ती आधी उमटते. अशा मजकुरावर कितीही परिश्रमाने खुणा केल्या तरी त्या वाळूत रोवल्यासारख्या ठरतात. म्हणून खुणांकनापूर्वी मजकूर युनिकोडमध्ये आणणे व त्यातील लेखनरीती एकविध करणे, हे कंटाळवाणे काम टाळता येत नाही.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने फेब्रुवारी २०१७ मध्ये टिपणांसाठी जे मानक शिफारशीने मान्य केले, त्यात या अडचणीवर शहाणपणाचा उपाय आहे. टिपणाची जागा केवळ अंकांनी न सांगता, ज्या शब्दांवर टिपण आहे ते शब्द, त्यांच्या आधीचे काही शब्द व नंतरचे काही शब्द असा संदर्भही जोडून देता येतो. मजकुरात चार ओळींची भर पडून सर्व अंक चुकले तरी मागच्यापुढच्या शब्दांच्या ओळखीवरून टिपण आपली जागा शोधून काढते. टिपण कोणी केले, केव्हा केले, आणि ते शंका आहे, दुरुस्ती आहे की वर्गीकरण, हे सांगण्याची सोयही त्याच मानकात आहे.

आता ज्या प्रकारच्या खुणांकनाने अलीकडे फार मोठे महत्त्व धारण केले आहे त्याकडे वळतो. यंत्राला मराठी समजावी यासाठी माणसांनी हजारो मराठी वाक्यांतील शब्दांवर खुणा करून ठेवाव्या लागतात. हे व्यक्तीचे नाव, हे गावाचे, हे संस्थेचे, ही तारीख. पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘महाएनईआर’ या संग्रहात अशी सुमारे २५,००० वाक्ये शब्दागणिक खुणांकित केलेली आहेत. इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात बहुधा अविकृत राहते, त्यामुळे खूण कोठे संपवावी हा प्रश्न सहसा पडत नाही. मराठीत ‘मिरजोळ्यात’ असे म्हणताच मूळ नावातील शेवटची मात्रा जाते आणि ‘ळ’चे जोडाक्षर बनते, नावापुरतीच खूण करावयाची म्हटले तर तिची कड त्या जोडाक्षराच्या मधोमध येते आणि उरलेला तुकडा गावाचे नाव राहत नाही. म्हणून सबंध शब्दावर खूण करणे आणि मूळ रूप ‘मिरजोळे’ असे बाजूला नोंदणे, हाच मला योग्य मार्ग वाटतो. पुढे ‘मिरजोळेकर’ आला तर तो माणूस की गाव, आणि ‘मिरजोळे औद्योगिक वसाहत’ हे एक नाव की नावाच्या पोटात नाव, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे काम सुरू करण्यापूर्वी नियमावलीत लिहून ठेवावी लागतात, आणि नियम बदलला की कोणत्या तारखेपासून बदलला हेही.

एवढी खबरदारी घेऊनही दोन सुविद्य माणसे एकाच वाक्यावर निरनिराळ्या खुणा करतात. योगायोगाने जुळलेल्या खुणा वजा करून उरलेले खरे मतैक्य किती, हे मोजण्याचे सूत्र जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडले आणि ते आजही वापरात आहे. मतभेद आढळला की बहुमताने एक खूण ठेवून दुसरी पुसून टाकण्याची प्रथा बरीच रूढ आहे, परंतु मला ती मान्य नाही. ज्या वाक्यावर जाणकारांचे एकमत होत नाही ते वाक्य भाषेच्या अभ्यासाला सर्वांत उपयोगी असते. तेथे दोन्ही खुणा, करणाऱ्यांच्या नावांसह, जपून ठेवाव्यात.

या कामात हात घालण्याची ज्याला इच्छा असेल, त्याला कोणाच्या परवानगीची किंवा महागड्या साधनांची आवश्यकता नाही. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथालयात हक्कमुक्त मराठी ग्रंथांची पाने चित्ररूपाने एका बाजूस आणि त्यांचा मजकूर दुसऱ्या बाजूस असा मांडलेला असतो. यंत्राने वाचलेला कच्चा मजकूर लाल दर्जाचा. एका वाचकाने मूळ पानाशी ताडून दुरुस्त केला की तो पिवळा होतो. आणि दुसऱ्या वाचकाने तो पुन्हा तपासला की हिरवा. पिवळे करणाऱ्यालाच ते पान हिरवे करण्याची मुभा तेथे नाही. शीर्षक, ओवी, तळटीप, समासातील मजकूर यांच्या खुणा दहा-पंधराच आहेत आणि एका बैठकीत शिकता येतात. प्रत्येक बदलाचा कर्ता व वेळ यांची नोंद पानाच्या इतिहासात आपोआप राहते, आणि चुकीचा बदल एका कळीसरशी मागे घेता येतो. रत्नागिरी जिल्ह्यात १८२८ पासून चालत आलेले नगर वाचनालय आहे, महाविद्यालये आहेत, जुन्या ग्रंथांवर प्रेम करणारी वडीलधारी मंडळी आहेत. त्यांनी एकेक हक्कमुक्त ग्रंथ वाटून घ्यावा, एकाने पाने पिवळी करावीत, दुसऱ्याने हिरवी, आणि जेथे मूळ छापलेले अक्षर वाचता येत नाही तेथे अंदाजाने शब्द न घालता त्या जागी शंकेची खूण करून पुढे जावे.